वाट कोठे अडली?

(ज्ञातिसंस्थेच्या तासगाव येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या या व्यासपीठावर शिक्षण, शिष्यवृत्तीचा निधी, विवाहातील अनाठायी खर्च, वृद्धांची सोय अशा गंभीर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्यांच्या पंक्तीत आमचा आजचा विषय बसविला, तर काहींना तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. संगणकावर किंवा मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडावयास जावे, ते उघडू नये, पडद्यावर दोन-चार ओळींचा इंग्रजी निरोप यावा आणि हातातील काम तेथेच थांबावे, हा अनुभव ज्यास आला नाही असे घर आज विरळा. अशा प्रसंगी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय मुळीच करू नये, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

विषय किरकोळ नाही, हे मात्र आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून संकेतस्थळावरून मिळतो. जातीचा दाखला, जात पडताळणीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, विजेचे बिल, सर्व काही त्याच वाटेने जाते. आपल्या तालुक्यातील द्राक्षे युरोपास पाठवावयाची, तर बागेची नोंद अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत असावी लागते. पूर्वी कचेरीचे दार बंद दिसले, तर बाहेरच्या शिपायास विचारता येत असे. साहेब रजेवर आहेत की जेवावयास गेले आहेत, हे तो सांगे. आता दारच दिसत नाही. कचेरी बंद आहे, की वाट मोडली आहे, की आपल्याच अंगणातील फाटक अडकले आहे, हेच माणसास उमगत नाही. पैसा, वेळ आणि धीर खर्ची पडतो तो याच अज्ञानापायी.

एक उदाहरण आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. अकरावीचे केंद्रीय ऑनलाईन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरते होते. 2025 साली ते प्रथमच सर्व महाराष्ट्रास लागू झाले. तोवर आपल्या भागातील विद्यार्थी महाविद्यालयात जाऊन अर्ज भरीत असे. आता त्यास घरच्या मोबाईलवरून अर्ज भरणे प्राप्त झाले. 21 मे 2025 रोजी नोंदणी सुरू व्हावयाची होती आणि त्याच दिवशी ते संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी पुढे 26 मेपासून घेण्यात आली. त्या दिवशी घरोघरी काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. कोणी राउटर बंद-चालू केला, कोणी नवे रिचार्ज मारले, कोणी मुलावर संतापले. बिघाड होता दुसऱ्या टोकास आणि उपचार चालले होते या टोकास. याच्या उलट प्रकारही नित्य घडतो. संकेतस्थळ धडधाकट असते, शेजाऱ्याच्या घरी ते उघडते. परंतु आपल्याच यंत्रातील एक कळ चुकीची असल्यामुळे आपण “सर्व्हर डाऊन आहे” असे समजून स्वस्थ बसतो आणि मुदत टळते.

यास्तव आमचे आजचे मुख्य सांगणे असे की, वाट अडली असता प्रथम ती कोठे अडली ते शोधावे आणि मगच हात लावावा. आपण बागायतदार मंडळी आहोत, म्हणून आपल्याच कामातील दृष्टांत घेऊ. बागेच्या टोकाच्या ओळीस ठिबकाचे पाणी पोहोचत नाही. अशा वेळी शहाणा माणूस सारी बाग उकरीत नाही. मोटार चालते आहे का? फिल्टरपर्यंत पाणी येते का? व्हॉल्व्ह उघडा आहे का? शेजारच्या ओळीस पाणी आहे का? शेजारच्या ओळीस असेल, तर मोटार, फिल्टर आणि मुख्य पाइप निर्दोष ठरले. उरली ती एक नळी आणि तिचे ड्रिपर. दोन-चार प्रश्नांत संशयाचे क्षेत्र बोटभर होते. संकेतस्थळाचा शोध याहून निराळा नाही.

हा शोध घेण्यास वाटेची ओळख हवी. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली या जगद्व्यापी जाळ्याची कल्पना मांडली व पुढील वर्षी पहिला ब्राउझर तयार केला. आपल्या देशात विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे पाहण्याचे साधन. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्याची आजची परिचित नावे. तासगावातील एखाद्या घरात आपण ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला की मागणी मोबाईलमधून वायफायच्या लहरींवर राउटरकडे जाते. राउटरमधून बारीक काचतंतूच्या तारेने खांबावर, तेथून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, आणि मग मुंबईत, दिल्लीत किंवा समुद्रापलीकडे असलेल्या त्या सर्व्हरपर्यंत. उत्तर परत येते तेही असेच टप्प्याटप्प्याने.

या वाटेवर एक टप्पा असा आहे की तो डोळ्यांस दिसत नाही, पण खोळंबा पुष्कळदा तेथेच होतो. यंत्रांना नावे कळत नाहीत, अंक कळतात. प्रत्येक सर्व्हरला अंकांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात चार अंक असतात, प्रत्येक 0 ते 255 मधील. असे एकंदर सुमारे 430 कोटी पत्ते होतात. आपण लिहितो ते नाव आणि यंत्रास हवा तो अंक, यांचा मेळ घालणारी सूची म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 साली तिची रचना केली. आपल्या 416312 या पिनकोडावरून टपालखात्यास तासगाव कळते. येथे उलट, नावावरून अंक काढला जातो. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीचे हे काम आज क्षणार्धात होते. पण डिरेक्टरीच हरवली, तर टेलिफोन निर्दोष असूनही कोणास फोन लावणार? डीएनएस बिघडला की नेमके हेच होते. इंटरनेट चालू असते, पण एकही संकेतस्थळ नावाने सापडत नाही.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. प्रथम स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. त्यांस पैसा लागत नाही आणि यंत्राचे ज्ञानही लागत नाही.

पहिला प्रश्न: एकच संकेतस्थळ उघडत नाही, की कोणतेच उघडत नाही? परस्परांशी संबंध नसलेली दोन-तीन संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती उघडली आणि एकच अडले, तर आपली वाट बहुधा निर्दोष असून दोष त्या टोकास असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न: एकाच यंत्रावर अडचण आहे, की घरातील सर्व यंत्रांवर? संगणकावर उघडत नाही, पण त्याच वायफायवरील मोबाईलवर उघडते, असे असेल तर राउटर, तार आणि कंपनी ही तिन्ही निर्दोष सुटली. दोष त्या संगणकात आहे. हा प्रयोग करताना मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद ठेवण्यास विसरू नये. अन्यथा मोबाईल दुसऱ्याच वाटेने जातो आणि साक्ष खोटी पडते.

तिसरा प्रश्न: एकाच ब्राउझरात अडचण आहे, की सर्वत्र? क्रोममध्ये उघडत नसेल तर फायरफॉक्समध्ये पाहावे. व्हॉट्सॲपचे निरोप येतात-जातात पण ब्राउझर थांबला आहे, असे असेल तर वाट मोकळी आहे आणि अडथळा ब्राउझरात, नावांच्या सूचीत किंवा मधल्या एखाद्या रखवालदारात आहे. ब्राउझरची खाजगी खिडकी, जिला इन्कॉग्निटो म्हणतात, तीत तेच संकेतस्थळ उघडले, तर जुनी साठवण किंवा ब्राउझरास जोडलेले एखादे उपांग, म्हणजे एक्स्टेन्शन, दोषी समजावे. मग त्या एका संकेतस्थळाची साठवण पुसावी आणि उपांगे एकेक करून बंद करून पाहावीत. सर्व काही पुसण्याची घाई करू नये. साठविलेले पासवर्डही त्यासरशी जातात आणि नवेच संकट ओढवते.

पडद्यावरील इंग्रजी निरोप पाहून पुष्कळांचा धीर खचतो व ते तो न वाचताच खिडकी मिटतात. वस्तुतः तो निरोप म्हणजे आपला सर्वांत उपयोगी साक्षीदार होय. ‘नो इंटरनेट’ असे येईल तर यंत्र जाळ्याशी जोडलेलेच नाही. वायफाय बंद आहे किंवा विमानाचे चिन्ह असलेली कळ दाबली गेली आहे, ते पाहावे. ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड’ असे शब्द येतील तर नावाचा अंक सापडला नाही; पत्ता लिहिताना एखादे अक्षर चुकले आहे काय, हे आधी पाहावे आणि मग सूचीकडे वळावे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे दार ठोठावले पण ठराविक वेळेत कोणी ओ दिली नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या यंत्रापर्यंत पोहोचलो, पण त्याने आत घेण्याचे नाकारले; येथे दोष बहुधा त्या टोकाचा. ‘प्रॉक्सी’ हा शब्द दिसला तर दोष आपल्याच यंत्रातील मांडणीत. आणि 404, 500, 502, 503 असे आकडे आले, तर निश्चिंत असावे. आपली वाट मोकळी आहे. 404 म्हणजे घर सापडले, पण मागितलेले पान तेथे नाही. पाचशेच्या घरातील आकडे म्हणजे तेथील कारभार बिघडला किंवा गर्दीने थकला. भाद्रपद शुद्ध पंचमीस आपल्या गणपतीच्या रथोत्सवात मंदिरापुढे मुंगीस वाट मिळत नाही. त्या दिवशी रस्ता मोडलेला नसतो, माणसांनी भरलेला असतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हरची तीच अवस्था होते.

सर्वच यंत्रांवर सर्वच संकेतस्थळे अडली, तर राउटरकडे जावे. त्यावरील दिवे पाहावेत. काचतंतूची जोडणी असेल, तर ‘लॉस’ असे लिहिलेला लाल दिवा लागणे म्हणजे प्रकाशाचा संकेतच घरात येत नाही. तार कोठेतरी तुटली अथवा फार दुमडली गेली आहे. हा दिवा लाल असता राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. कंपनीस कळवावे, आणि ‘लाल दिवा लागला आहे’ हे आवर्जून सांगावे, म्हणजे पुढील प्रश्नोत्तरे वाचतात. काचतंतूची तार कपाटामागे दाबू नये, खिळ्यास गुंडाळू नये. ती विजेच्या तारेसारखी वाकणारी नव्हे.

लाल दिवा नसेल, तर राउटर बंद करावा, मिनिटभर थांबावे, पुन्हा चालू करावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. पुष्कळशा अडचणी एवढ्यानेच मिटतात, कारण राउटर हाही एक छोटा संगणकच असून अनेक दिवस अखंड चालून गोंधळतो. परंतु येथे एक सक्त सूचना आहे. राउटरच्या पाठीमागे बारीक छिद्रात दडविलेली ‘रीसेट’ नावाची कळ असते. तीस हात लावू नये. बंद करून चालू करणे निराळे आणि रीसेट करणे निराळे. रीसेटने कंपनीने भरलेले नाव, पासवर्ड व सारी मांडणी पुसली जाण्याचा संभव असतो आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर बंद पडते.

राउटर निर्दोष दिसला आणि तरी एकच संगणक अडला, तर थोडे पुढे जावे. विंडोजच्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी असते. तीत इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’ आणि पुढे जागा सोडून 8.8.8.8 हा अंक लिहावा. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे. तेथून उत्तरे आली, तर इंटरनेटची वाट अखंड आहे असे समजावे. मग अंकाच्या जागी एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव लिहावे. अंकास उत्तर येते आणि नाव मात्र सापडत नाही, असे झाले की गुन्हेगार हाती लागला: तो डीएनएस. उपाय दोन. एक, ‘आयपीकॉन्फिग’ आणि पुढे जागा सोडून तिरक्या रेघेसह ‘फ्लशडीएनएस’ लिहून संगणकाने जपून ठेवलेली जुनी सूची पुसणे. दुसरा, संगणकाच्या मांडणीत कंपनीच्या सूचीऐवजी गूगलचा 8.8.8.8 किंवा क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 हा पत्ता देणे. बदलापूर्वी मूळचे अंक कागदावर उतरून घ्यावेत. नुसते ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले आणि संगणकाचा स्वतःचा पत्ता 169.254 ने सुरू होत असल्याचे दिसले, तर राउटरने त्यास पत्ता दिलेलाच नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडावे.

मोबाईलवर याच जातीची एक अडचण आढळते. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची मांडणी असते. जाहिराती बंद होतात म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने तेथे एखादे नाव लिहिलेले असते आणि पुढे ते विस्मरणात जाते. ती सेवा बंद पडली किंवा तिचे नाव बदलले की मोबाईलची सारी संकेतस्थळे एकदम थांबतात. तेथे ‘ऑटोमॅटिक’ ही निवड केली की वाट मोकळी होते.

आता रखवालदारांकडे पाहू. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने पुढे जाऊन पाने आणून देणारा मध्यस्थ. कचेरीच्या संगणकात तो मुद्दाम नेमलेला असतो. तोच संगणक घरी आणला की येथे तो मध्यस्थ भेटत नाही आणि ब्राउझर त्याची वाट पाहत बसतो. काही उपद्रवी प्रोग्रॅमही गुपचूप प्रॉक्सी नेमतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पोटात प्रॉक्सीचे पान आहे. घरगुती संगणकावर तेथील हाताने भरावयाची प्रॉक्सी बंद असावी. तसेच व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून पाहावे. अँटिव्हायरसवर संशय असेल, तर तो क्षणभर थांबवून चाचणी घ्यावी आणि निकाल काहीही लागो, लगेच पूर्ववत् करावा.

काही वेळा दोष भलत्याच ठिकाणी निघतो, तो म्हणजे घड्याळात. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध, अशी तारीख असते. जुन्या संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाताच संगणक आपली तारीख विसरतो व कित्येक वर्षे मागे जातो. मग त्यास आजचे प्रमाणपत्र भविष्यातील वाटते आणि तो ‘कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ अशी हाकाटी करतो. ज्या घरी वीज वारंवार जाते तेथे हे हमखास घडते. तारीख-वेळ दुरुस्त केली की संकेतस्थळे उघडतात; बॅटरी बदलली की पुन्हा हा त्रास होत नाही.

जुन्या ब्राउझरचीही गोष्ट अशीच. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी निरोप दिला. विंडोज 7 वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 109 क्रमांकाची, 2023 च्या आरंभीची. संगणक चालतो आहे, मग बदलावयाचा कशास, हा आपला काटकसरी विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु सुरक्षिततेचे नवे नियम जुन्या ब्राउझरास कळत नाहीत आणि काही संकेतस्थळे त्यास दारातूनच परत पाठवितात, हे जाणून असावे.

सर्व तपास झाला आणि दोष आपल्याकडे नाही असे ठरले, तर स्वस्थ बसण्याचेही धैर्य हवे. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद होते. त्या कंपनीच्या नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने तिची आतली जोडणी तुटली व तिच्या नावांच्या सूचीकडे जाणाऱ्या वाटाच जगाच्या नकाशावरून नाहीशा झाल्या. 30 जानेवारी 2008 रोजी भूमध्य समुद्रातील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. अशा प्रसंगी घरचा राउटर शंभर वेळा बंद-चालू करून काय उपयोग?

मात्र मुदतीचे काम असेल, तर स्वस्थ बसण्यापूर्वी एक पुरावा जपावा. अडलेल्या पानाचे, तारीख व वेळ दिसेल असे छायाचित्र मोबाईलवर घ्यावे. तक्रार करावयाची झाल्यास ते कामी येते. अर्ज शक्य तो शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नये; ठेवावाच लागला तर पहाटे किंवा रात्री उशिरा, गर्दी कमी असता भरावा. घरचे वायफाय अडले तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून संगणक जोडून पाहावा. दोन वाटा ठाऊक असलेला प्रवासी सहसा अडत नाही.

आता आम्ही या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. संकेतस्थळ उघडत नाही याने नुकसान होते ते बहुधा वेळेचे. खरे नुकसान होते ते त्या उतावीळपणात चुकीचे दार उघडल्याने. माणूस घाईस आलेला असतो, मुदत डोक्यावर असते. तो नाव शोधयंत्रात टाकतो आणि वर येणाऱ्या पहिल्याच जाहिरातीवर बोट ठेवतो. पान हुबेहूब तसेच असते, बोधचिन्ह तेच असते. नावातील एखादे अक्षर तेवढे निराळे. तेथे आधारचा क्रमांक, बँकेचा तपशील आणि मोबाईलवर आलेला ओटीपी भरला जातो. म्हणून सरकारी संकेतस्थळाचे नाव अधिकृत पत्रकावरून वा शाळेच्या सूचनाफलकावरून उतरून घ्यावे आणि एकदा खात्री झाली की ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावे. सरकारी नावाच्या शेवटी बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असते. सर्वच सरकारी कामांची संकेतस्थळे अशा नावांची नसतात. तेथे अधिकच जपून असावे.

दुसरे, बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर प्रमाणपत्राची सूचना आली आणि घड्याळ बरोबर असेल, तर ‘तरीही पुढे जा’ ही कळ दाबू नये. तो रखवालदार आपला शत्रू नव्हे. तिसरे, ‘आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे पान अचानक उघडले, तर ते बंद करावे. फोन करू नये. इंटरनेट दुरुस्त करतो म्हणून अनोळखी माणसाने फोनवरून एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगितले आणि पडद्याचा ताबा मागितला, तर तो कदापि देऊ नये. इतके करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प न राहता तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविले, तर गेलेली रक्कम मध्येच रोखली जाण्याचा संभव असतो. चौथे, राउटरला कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून घ्यावा. राउटरच्या सूचीतच कोणी फेरफार केला, तर योग्य नाव लिहूनही घरातील प्रत्येक यंत्र चुकीच्या घरी जाईल. पाचवे, सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरला, तर पासवर्ड तेथे साठवू नये आणि निघताना बाहेर पडल्याची खात्री करावी.

ज्ञातिबंधूंनो, हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की, आमचा मुलगा हे सारे जाणतो, आम्हांस काय करावयाचे आहे? आमची भीती नेमकी येथेच आहे. ज्या घरात हे ज्ञान एकाच मुलाच्या डोक्यात असते, ते घर तो पुण्यास किंवा सांगलीस शिकावयास गेला की पुन्हा परावलंबी होते. मग आई शेजाऱ्याची वाट पाहते, आजोबा आपला पासवर्ड दुकानदारास सांगतात आणि धाकट्या बहिणीचा अर्ज ‘दादा रविवारी येईल तेव्हा’ म्हणून पडून राहतो. तिची मुदत मात्र शुक्रवारी संपलेली असते. तरुणांस आमचे सांगणे असे की, घरातील वडील माणसांचे काम स्वतः उरकून टाकू नका; त्यांच्या हाताने त्यांच्याकडून करवून घ्या. प्रारंभी वेळ दुप्पट लागेल, पण पुढे तो कायमचा वाचेल.

प्रत्येक घराने एक कार्ड लिहून राउटरजवळ भिंतीस लावावे. त्यावर सेवा देणाऱ्या कंपनीचा तक्रारीचा क्रमांक, आपला ग्राहक क्रमांक आणि आज सांगितलेले तीन प्रश्न असावेत. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नयेत. आपल्या संस्थेस आमची विनंती अशी की, प्रवेशाच्या हंगामात कार्यालयात एक संगणक आणि दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या ठेवाव्यात. दोन जाणत्या तरुणांनी आळीपाळीने तेथे बसावे. आणि ते दार ज्ञातीपुरते मर्यादित न ठेवता गावातील कोणाही विद्यार्थ्यास खुले असावे. शिष्यवृत्तीचा निधी आपण वर्षानुवर्षे जमवीत आलो. ती शिष्यवृत्ती मागणारा अर्ज वाटेतच अडून राहिला, तर त्या निधीचे सार्थक कसे होणार?

उद्या पडद्यावर तो इंग्रजी निरोप आला, तर घाबरू नये, संतापू नये. निरोप वाचावा, तीन प्रश्न विचारावेत, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. उपयोग झाला नाही, तर तो बदल पूर्ववत् करूनच पुढे जावे. टोकाच्या वेलीस पाणी का पोहोचत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शोधीत आलो आहोत. तीच दृष्टी येथे पुरेशी आहे. नवी आहेत ती केवळ नावे, आणि नावे शिकता येतात.